पेट्रोलमधील मिश्रके आणि विहिरीचे पाणी : पार्श्वभूमी

बेळगाव शहरात तसेच खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात घरोघरी नळ आले तरी विहीर आणि बोअर सुटलेली नाही. १९९०च्या दशकातील टंचाईनंतर शहरातील अनेक जुन्या विहिरी गाळ उपसून पुन्हा वापरात आणल्या गेल्या. १९२४च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर ही त्यांतील सर्वांच्या परिचयाची. याच भागातून पुणे-बेंगळुरू महामार्ग जातो आणि त्याच्या कडेला पेट्रोल पंप आहेत. पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि विहिरीचे झरेही जमिनीखालीच, त्यामुळे पेट्रोलमध्ये काय मिसळले जाते हा येथे पाण्याचाही प्रश्न आहे.

इंजिनाचे ठोके टाळण्यासाठी १९२०च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घातले जाई. शिसे घातक असल्याने अमेरिकेत १९७९पासून त्याच्या जागी मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर, म्हणजेच एमटीबीई, वापरात आले. १९९०मध्ये तेथील स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती होऊन प्रदूषित शहरांत प्राणवायूयुक्त मिश्रक सक्तीचे झाले, तेव्हा पेट्रोलमधील एमटीबीईचे प्रमाण सुमारे ११ ते १५ टक्क्यांपर्यंत पोहोचले. हेतू हवा स्वच्छ करण्याचा होता, पण टाक्या गळतात आणि गळलेले पाण्यात उतरते याचा विचार पुरेसा झाला नाही, ही या इतिहासातील सर्वांत महाग पडलेली चूक आहे. १९९६मध्ये कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला पाण्यात एमटीबीई सापडल्याने विहिरी बंद कराव्या लागल्या आणि त्याचा जवळपास निम्मा पाणीपुरवठा गेला. १९९९मध्ये त्या राज्याने एमटीबीई हटवण्याचा आदेश काढला आणि २००४पासून बंदी लागू झाली.

शुद्धीकरणाची अडचण या रसायनाच्या स्वभावात आहे. पेट्रोलमधलाच एक घातक घटक असलेले बेंझिन लिटरभर पाण्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅम विरघळते, तर एमटीबीई चाळीस ग्रॅमहून अधिक. ते मातीला फारसे चिकटत नाही, म्हणून पाण्याच्या वेगानेच पुढे सरकते आणि गळतीच्या ठिकाणापासून सर्वांत आधी लांबच्या विहिरीत पोहोचते. लिटरमागे २० ते ४० मायक्रोग्रॅम एवढ्यानेही पाण्याला टर्पेंटाइनसारखी चव आणि वास येतो. सुरुवातीला पाणी उपसून त्यात हवा खेळवण्याची आणि कोळशातून गाळण्याची नेहमीची पद्धत वापरली गेली; पण एमटीबीई पाण्यातून सहज उडून जात नाही, म्हणून हवा कितीतरी पट जास्त लागते, आणि कोळसा लवकर भरतो. ओझोन व हायड्रोजन पेरॉक्साइडने त्याचे विघटन करता येते, मात्र ते खर्चिक आहे. ते जिवाणूंनी कुजणारच नाही, हा समज १९९०च्या दशकात खोटा ठरला. पुरेसा प्राणवायू मिळाला तर काही जिवाणू एमटीबीईवरच जगतात. हे कुजणे अर्ध्यावर थांबले तर मधल्या टप्प्यावरचे टर्शरी ब्युटाइल अल्कोहोल मागे उरते, आणि तेही काढणे सोपे नाही. सांता मोनिकाच्या विहिरींचे पाणी कोळशाच्या गाळणीतून पुन्हा शहराला मिळू लागायला जवळपास पंधरा वर्षे गेली.

भारतात देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० साली आले. आपल्या भागाचा भूगर्भ येथे वेगळा विचार मागतो. पश्चिमेला जांभा आणि मुरूम, त्याखाली काळा कातळ. पाणी कातळाच्या भेगांतून धावते. वाळूच्या थरात प्रदूषणाचा पट्टा आखता येतो, तर भेगाळ कातळात एका बोअरला वास येतो आणि शेजारचे निर्मळ राहते, म्हणून शोध आणि सफाई दोन्ही अवघड होतात.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत आले आहे. त्यातील काही बेळगाव जिल्ह्याच्याच साखर कारखान्यांतून जाते आणि ऊस उत्पादकांना त्याचा आधार आहे. इथेनॉल स्वतः लवकर कुजते, पण कुजताना भूजलातील प्राणवायू संपवते. परिणामी शेजारचे बेंझिन अधिक काळ टिकते आणि अधिक दूर जाते. विहिरीच्या पाण्याची नेहमीची तपासणी कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड यांपुरती असते, त्यात यांपैकी काहीच दिसत नाही. त्यासाठी काचेची बाटली हवेचा बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरून, थंड ठेवून, गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातील रसायने वेगळी करून मोजणारे यंत्र, असलेल्या प्रयोगशाळेत पोहोचवावी लागते.