ट्रायथलॉनमधील शर्यतीचे हलके बूट

ट्रायथलॉनमध्ये पोहणे आणि सायकलिंग संपल्यावर धावण्याच्या टप्प्यासाठी सरावातले जड बूट न घालता खास शर्यतीसाठी बनवलेले हलके बूट घालण्याची पद्धत रूढ आहे. सरावाच्या एका बुटाचे वजन साधारणपणे २५० ते ३२० ग्रॅम असते, तर शर्यतीचा बूट बहुधा १५० ते २२० ग्रॅमचा असतो. शर्यतीच्या दिवशी हे बूट चढवायला काही सेकंद पुरतात. पायांना त्यांची सवय व्हायला मात्र काही आठवडे लागतात. या बदलानंतर उद्भवणाऱ्या बहुतेक तक्रारी ही सवय होऊ न दिल्यामुळे निर्माण होतात.

वजन कमी केल्याचा लाभ मोजता येतो. धावताना पाऊल दरवेळी जमिनीवर थांबते आणि पुन्हा वेगाने पुढे नेले जाते; त्यामुळे पायाच्या टोकाशी असलेले वजन धडावरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी महाग पडते. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले की धावण्यासाठी लागणारी ऊर्जा सुमारे १ टक्क्याने वाढते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धावपटूंना कळू न देता बुटांत शिशाचे बारीक तुकडे घालून त्यांना ३,००० मीटर धावायला लावले, तेव्हा प्रत्येक १०० ग्रॅममागे लागणारा वेळ सुमारे ०.८ टक्क्याने वाढला. हेच गणित १० किलोमीटर ४५ मिनिटांत धावणाऱ्याला लावले, तर १०० ग्रॅमच्या फरकातून जेमतेम २० सेकंद वाचतात. ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकलिंग आणि १० किलोमीटर धावणे अशा स्पर्धेत, पहिल्या काही क्रमांकांसाठी झुंजणाऱ्याला हे २० सेकंद निर्णायक ठरू शकतात. इतरांच्या बाबतीत नाडीची एक अडकलेली गाठ ते सहज खाऊन टाकते.

तळ पातळ करत नेऊन वजन घटवण्यालाही मर्यादा आहे. २०१२ मधील एका अभ्यासात अनवाणी धावणे हे हलक्या पण थोडी गादी असलेल्या बुटांपेक्षा कमी ऊर्जेचे ठरले नाही, कारण बुटाने न शोषलेला धक्का शोषण्याचे काम स्नायूंना करावे लागते. २०१७ मध्ये नायके कंपनीचा व्हेपरफ्लाय बूट बाजारात आल्यावर तर शर्यतीच्या बुटाची जुनी कल्पनाच बदलली. लवचीक, अतिशय हलका फोम आणि त्यात बसवलेली कार्बनची पट्टी अशी त्याची रचना होती, आणि प्रयोगशाळेत त्या काळच्या शर्यतीच्या इतर बुटांच्या तुलनेत त्यात सरासरी सुमारे ४ टक्के कमी ऊर्जा लागली. परिणामी आजचा शर्यतीचा बूट हलका असूनही अनेकदा सरावाच्या बुटापेक्षा जाड असतो. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २०२० च्या जानेवारीत रस्त्यावरील शर्यतींच्या बुटांचा तळ जास्तीत जास्त ४० मिलिमीटर जाड असावा आणि त्यात एकच पट्टी असावी, असे बंधन घातले. २०२१ च्या व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये सर्वांत आधी पोहोचलेला इथिओपियाचा देरारा हुरिसा याला बुटांचा तळ या मर्यादेपेक्षा जाड असल्याने बाद ठरवण्यात आले. बूट निवडताना स्पर्धेचे नियम आधी वाचावेत, हे यावरून वेगळे सांगायला नको.

बदलाचा खरा भार पडतो तो शरीरावर. सरावाच्या बहुतेक बुटांत टाच चवड्यापेक्षा ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. जुन्या धाटणीच्या शर्यतीच्या बुटांत हा फरक बहुधा ० ते ६ मिलिमीटर असतो. टाच खाली गेली की पोटरीचे स्नायू आणि टाचेमागचा स्नायुबंध अधिक ताणले जातात, आणि पाऊल चवड्यावर पडू लागले तर तेथील लांब हाडांवर दाब वाढतो. स्नायू काही आठवड्यांत जुळवून घेतात. स्नायुबंध आणि हाडे फार सावकाश. म्हणूनच बूट ‘छान जमले’ असे वाटू लागण्याचा काळच सर्वांत धोक्याचा असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अनुभवी धावपटूंना १० आठवड्यांत अत्यंत पातळ तळाच्या पादत्राणांकडे वळवले, तेव्हा त्या गटातील १९ पैकी १० जणांच्या पायांच्या हाडांत ताणाची चिन्हे एमआरआय चाचणीत दिसली. कार्बन पट्टीचे बूटही यातून पूर्ण सुटलेले नाहीत: २०२३ मध्ये असे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या पायाच्या मध्यभागी असलेल्या नॅव्हिक्युलर या हाडाला झालेल्या दुखापतींची नोंद प्रसिद्ध झाली. पाच उदाहरणांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तरी सावध राहण्यास ती पुरेशी आहेत.

नुसत्या धावण्याच्या शर्यतीपेक्षा ट्रायथलॉनमध्ये हा प्रश्न अधिक बिकट असतो. सायकल चालवून मांड्या आणि पोटऱ्या थकलेल्या असतात, कंबर वाकलेल्या स्थितीत आखडलेली असते, आणि धावण्याचे पहिले एक-दोन किलोमीटर ढब बिघडलेली असते. अशा वेळी आधार कमी असलेला बूट ती बिघडलेली ढब सावरून घेत नाही. त्यामुळे ताज्या पायांनी केलेली चाचणी अपुरी पडते. सायकलिंगनंतर लगेच धावण्याचा जो सराव ‘ब्रिक’ म्हणून ओळखला जातो, त्यातच बुटांची खरी परीक्षा होते. बूट बदलण्याचा वेळही एकूण वेळेत धरला जात असल्याने नाड्यांऐवजी रबरी लेस आणि टाचेशी ओढायला पट्टा असलेले बूट पसंत केले जातात. अनेकजण मोजे घालत नाहीत; त्यांच्यासाठी आतली शिवण गुळगुळीत असणे आणि पाणी वाहून जाण्याची सोय असणे हे वजनाइतकेच महत्त्वाचे आहे, कारण ओल्या पायाला आलेला फोड वाचवलेल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतो.

प्रशिक्षक सामान्यतः स्पर्धेच्या चार ते सहा आठवडे आधी बदलाला सुरुवात करायला सांगतात; टाचेच्या उंचीत मोठा फरक असेल तर याहून अधिक काळ ठेवावा. सुरुवातीला नेहमीच्या सरावाअखेरीस ८० ते १०० मीटरच्या काही जलद धावा, मग आठवड्यातून एकदा वेगाच्या सरावाचा काही भाग आणि शेवटी स्पर्धेच्या गतीचा ब्रिक सराव असा हा क्रम असतो. उरलेले सर्व धावणे जुन्याच बुटांत चालू राहते. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाच दुखणे किंवा पावलाच्या वरच्या बाजूला एका ठिकाणी बोटाने दाबल्यावर कळ येणे ही थांबण्याची चिन्हे होत.

अंतर वाढत जाते तशी निवड बदलते. ५ किलोमीटर धावणे असलेल्या ‘स्प्रिंट’ या छोट्या अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये अगदी हलका बूटही निभावून जातो. याउलट १८० किलोमीटर सायकलिंगनंतर ४२.२ किलोमीटर धावायचे असते तेव्हा अनेक अनुभवी स्पर्धकही काही ग्रॅम जास्त पत्करून अधिक गादीचा बूट घेतात. इतक्या तासांच्या श्रमाने पाय सुजतात आणि शर्यतीच्या बुटांचा साचा अरुंद असतो. म्हणून मापाची खात्री लांब सायकल सरावानंतर, पाय फुगलेले असतानाच करून घेणे इष्ट ठरते.