वर्णपटावरून ताऱ्याची प्रत काढायची? मग शेजारचा ताराही टिपा

आमच्याकडून ग्रेटिंग (ताऱ्याचा प्रकाश रंगांत पसरवणारी काच) नेलेले ग्राहक हमखास विचारतात, ‘वर्णपट छान आलाय, आता यावरून चल ताऱ्याची प्रत सांगा.’ प्रत, म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा (जितका मोठा तितका तारा मंद), काढता येते. पण आलेल्या फाईलमध्ये बहुधा एकट्या चल (तेज बदलणाऱ्या) ताऱ्याचा आलेख असतो, तोही सॉफ्टवेअरने उंची एकवर आणून ठेवलेला. रेषा बघायला असा आलेख उत्तम, पण उंची एकवर आणली की ताऱ्याकडून किती प्रकाश आला याचा हिशेबच पुसला जातो. तारा ३.५ प्रतीचा असो की ४.४, आलेख सारखाच दिसतो. म्हणून आम्ही मूळ फ्रेम मागतो, चल ताऱ्याची आणि तुलनेसाठी प्रत माहीत असलेल्या शेजारच्या ताऱ्याचीही. काहींना ही अडवणूक वाटते, पण त्या फ्रेमशिवाय सांगितलेला आकडा निव्वळ अंदाज ठरेल आणि तो आम्ही देत नाही.

सोलापूरकरांनी गरुड तारकासमूहातल्या ईटा ताऱ्यापासून सुरुवात करावी. हा सेफीड (ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणारा) तारा सुमारे ७.१८ दिवसांत ३.५ ते ४.४ प्रतींमध्ये फिरतो. डेल्टा सेफी जास्त प्रसिद्ध, पण आपल्याकडून तो ४९ अंशांच्या वर चढत नाही. ईटा ७३ अंशांपर्यंत येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास अंधार पडताच गरुडातला ठळक तारा श्रवण डोक्याजवळ असतो. त्याच्या दोन बाजूंच्या ताऱ्यांपैकी मंद तो बीटा, प्रत ३.७१; हाच आपला तुलनेचा तारा. ईटा त्याच्या दक्षिणेला साडेपाच अंशांवर आहे. दोघांची उंची जवळपास सारखी, त्यामुळे हवेने खाल्लेला प्रकाशही जवळपास सारखाच.

आधी बीटा, लगेच ईटा, पुन्हा बीटा असे टिपा. एक्सपोजर आणि गेन तेच ठेवा. शून्य क्रमाचा ठिपका (ग्रेटिंगमधून न पसरता सरळ आलेली ताऱ्याची प्रतिमा) पांढरा फटक झाला तरी चालेल, वर्णपटाचा पट्टा मात्र कुठेही जळता कामा नये. जेपीजी नको, रॉ किंवा फिट्स (खगोल छायाचित्रांसाठीचा फाईल प्रकार) हवी. मग आकाशाचा उजेड वजा करून दोन्ही पट्ट्यांवर व्ही फिल्टरचा वक्र लावायचा (प्रत मोजायचा हा हिरवा-पिवळा फिल्टर कोणत्या रंगाचा किती प्रकाश सोडतो त्याचा आलेख, साधारण ४८० ते ६८० नॅनोमीटर) आणि बेरीज करायची. समजा बीटाची बेरीज १,००,००० आली आणि ईटाची ८०,०००. गुणोत्तर ०.८, म्हणजे ईटा ०.२४ प्रतीने मंद: ३.९५.

फटीच्या स्पेक्ट्रोस्कोपवर हे असे जमत नाही. हवा हलली की ताऱ्याचा थोडा प्रकाश फटीबाहेर जातो, दर फ्रेमला वेगळा. आमची सव्वा इंची ग्रेटिंग बिनफटीची आहे, सगळा प्रकाश आत येतो.

फक्त प्रतच हवी असेल तर साधा व्ही फिल्टर घ्या. काम सोपे होते आणि आकडाही जास्त नेमका येतो. तेजाबरोबर ताऱ्याचे तापमान कसे बदलते तेही वर्णपटात बघायचे असेल तर मात्र ग्रेटिंग वापरा.

दोन्ही ताऱ्यांच्या मूळ फ्रेम पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात या. पहिला हिशेब आम्ही शेजारी बसून करून देतो. आमच्याकडून घेतलेल्या ग्रेटिंगसाठी त्याचे पैसे नाहीत.