गुच्छाकृती जलवनस्पतींचे विभाजन

ज्या पाणवनस्पतींना उंच खोड नसते आणि सगळी पाने बुडाशी एकाच आखूड गड्ड्यातून चहूबाजूंना फुटतात, त्यांचा गड्डा कापून एका रोपाची अनेक रोपे करण्याची पद्धत. मत्स्यालयात लावल्या जाणाऱ्या ॲमेझॉन स्वोर्ड (एकिनोडोरस प्रजाती) आणि क्रिप्टोकोरायनी या दोन गटांसाठी ती मुख्यतः वापरली जाते. बियांचा संबंध नसल्याने नवे रोप हुबेहूब मूळ रोपाच्या गुणांचे निघते. लालसर पानांच्या संकरित स्वोर्डचे बी तसेच उतरेल याची खात्री नसते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे.

एकिनोडोरस मूळचा अमेरिका खंडातला. त्याचे जाड मूलक्षोड (म्हणजे हा गड्डा, जमिनीखालचे आडवे खोड) रेतीत आडवे सरकत जाते आणि रोप जुने झाले की त्याच्या बगलेतून दुसरा, तिसरा शेंडा फुटतो. वरून पाहिल्यास पानांची दोन स्वतंत्र केंद्रे दिसू लागतात. रोप कापण्याजोगे झाल्याची ही खूण. केळीचा मुनवा जसा स्वतःची मुळे धरल्यावरच वेगळा काढतात, तसेच येथेही आहे. घाईने फोडलेला, मुळे नसलेला शेंडा बहुधा कुजतो. दोन फुटी टाकीत एकच स्वोर्ड समोरची सगळी काच झाकून टाकतो, म्हणून मुंबईच्या घरांत विभाजन पुष्कळदा हौसेपेक्षा जागेच्या अडचणीपोटी होते.

काम फारसे अवघड नाही, पण राडा होतो. स्वोर्डची मुळे टाकीभर पसरलेली असतात; रोप खस्सकन उपटले की तळाचा सगळा गाळ वर येतो. आधी बोटांनी रेती सैल करावी आणि रोप हळूहळू सोडवून बादलीत घ्यावे. धारदार ब्लेडने मूलक्षोड असे कापावे की प्रत्येक तुकड्याला एक शेंडा, तीन-चार धड पाने आणि स्वतःची मुळे राहतील. बोथट कात्रीने मूलक्षोड चेचते आणि तेथूनच सड सुरू होते. मुळे चार-पाच सेंटिमीटर ठेवून छाटली तर लावणे सोपे जाते, नवी मुळेही लवकर फुटतात. मागे उरलेला बिनपानांचा जुना तुकडा मात्र फेकू नये. त्यावर सुप्त डोळे असतात. उजेडात तरंगत ठेवला किंवा रेतीत अर्धवट दाबला तर काही आठवड्यांत त्यावर पिल्ले, म्हणजे छोटी नवी रोपे, दिसतात.

लावताना शेंडा रेतीखाली जाता कामा नये. रोप थोडे खोल खोचून, मग पाने आणि मुळे जुळतात तो भाग उघडा पडेपर्यंत अलगद वर ओढावे. ही झाडे मुळांवाटे भरपूर अन्न घेतात, म्हणून नुसत्या धुतलेल्या रेतीत लावल्यास मुळांशी खताची गोळी दाबावी लागते.

क्रिप्टोकोरायनी ही सुरणाच्या, म्हणजे ॲरेसी कुलातली. कोकणातल्या ओढ्यांतही तिच्या काही जाती उगवतात. दुकानांत मात्र जास्त करून श्रीलंकेतली वेंडटाय मिळते. ती रेतीखालून धुमारे सोडते आणि जरा अंतरावर नवे रोप वर काढते. ते तीन-चार पानांचे झाले की धुमारा कापायचा, एवढेच. पण या झाडाला जागाबदल अजिबात सोसत नाही. हलवल्यावर, किंवा पाणी अथवा प्रकाश एकदम बदलल्यावर पाने काही दिवसांत विरघळून जातात. झाड मेले असे समजून नवखे लोक ते उपटून टाकतात. खरे तर मुळे जिवंत असतात. कुजकी पाने काढून ते जागेवरच राहू दिले तर नवी पाने येतात.

प्रत्येक गुच्छाकृती वनस्पतीचा गड्डा कापायचा नसतो. वॉलिसनेरिया वाळूवरून धावती खोडे पसरवते. तिची तयार पिल्ले सुटी करणे पुरते. स्वोर्डच्या फुलांच्या दांड्यावरही पाण्याखाली पिल्ले येतात, तीही मुळे धरल्यावर तोडता येतात. ‘बल्ब’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ॲपोनोजेटॉनच्या कंदाला वाढीचा कोंब सहसा एकच असतो, त्यामुळे तो कापण्यात काही हशील नाही. कास पठारावर पावसाळ्यात फुलणारा वायतुरा याच प्रजातीतला.

मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत बिनपंख्याच्या टाकीतले पाणी तिशीच्या वर जाते. तेव्हा कापलेली जागा भरण्याऐवजी सडण्याचाच संभव जास्त. ऑक्टोबर हीट सरल्यावर फेब्रुवारीपर्यंतचा काळ त्यामानाने निर्धोक. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून विभाजनानंतर बदलायचे पाणी दिवसभर उघडे ठेवतात किंवा त्यात क्लोरीन घालवणारे ‘हायपो’चे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे टाकतात. क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या मासे बाजारातून आणलेल्या रोपांना शिशाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. त्या सोडवून आणि गोगलगाईची अंडी धुऊनच विभाजन करावे.

जास्तीची रोपे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधली तर लोकलच्या गर्दीतूनही सुखरूप पोहोचतात. तलावात किंवा नाल्यात ती सोडणे गैर आहे. पवई तलावावर पसरणारी जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतून, शोभेचे झाड म्हणूनच जगभर गेली. नको असलेले तुकडे उन्हात कडकडीत वाळवून कुंडीतल्या मातीत मिसळता येतात.