रिपोर्टवरचं 'वाइल्ड टाइप' : पार्श्वभूमी

मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरलेला असला की बायोप्सीचा तुकडा रास तपासणीला जातो, म्हणजे रास गटाच्या जीनमध्ये बदल झालाय का ते पाहायला. मिरजेत 'रास वाइल्ड टाइप' असा रिपोर्ट हाती आला की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. वाइल्ड म्हणजे मोकाट सुटलेला, असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात बातमी त्यातल्या त्यात बरी असते.

शब्द मुळात कॅन्सरचा नाही, फळमाशीचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आनुवंशिकतेच्या प्रयोगांत निसर्गात सर्रास दिसणारी लाल डोळ्यांची माशी 'वाइल्ड टाइप', पांढऱ्या डोळ्यांची 'म्युटंट'. म्हणजे वाइल्ड टाइप हे मूळ, न बदललेलं रूप. प्रयोगशाळेतला हा शब्द जसाच्या तसा रुग्णाच्या कागदावर उतरला, हे मला आजही पटत नाही. 'बदल आढळला नाही' एवढं लिहिलं तरी घरच्यांची एक रात्र वाचेल.

रास हे नाव उंदरांत सार्कोमा (हाडं, स्नायू अशा ऊतींचा कॅन्सर) करणाऱ्या विषाणूंवरून पडलं. ते १९६० च्या दशकात सापडले. १९८२ मध्ये माणसाच्या मूत्राशयाच्या कॅन्सरपेशींत हाच जीन एका अक्षराने बदललेला दिसला: प्रथिनात बाराव्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन. रास प्रथिन निरोगी पेशीतही असतं. वाढीचा निरोप आला की ते चालू होतं आणि आपल्याला चिकटलेला जीटीपी हा रेणू मोडून स्वतःच बंद होतं. बदललेल्या रासला हे बंद होणं जमत नाही.

खरा पेच २००८ च्या सुमारास पुढे आला. पेशीवर वाढीचा निरोप घेणारा ईजीएफआर अडवणारी अँटिबॉडी (औषध म्हणून दिलेलं प्रथिन) केरास हा रास गटातला जीन बदललेल्या रुग्णांना लागू पडत नव्हती. शेतावरच्या मोटरचा स्टार्टर आत चिकटला की बाहेरचं बटण कितीही दाबा, मोटर थांबत नाही, तसंच हे. २००९ मध्ये अमेरिकेत औषधाच्या लेबलवर तशी सूचना आली.

तेव्हा तपासायचे ते केरासमधल्या १२ आणि १३ या जागा. २०१३ मध्ये ६१, ११७, १४६ या जागा आणि एनरास हा भाऊबंद जीनही तितकाच महत्त्वाचा ठरला.

म्हणून जुन्या फायलीतलं 'केरास वाइल्ड टाइप' आणि आजचं 'रास वाइल्ड टाइप' एक समजू नये. कोणत्या जागा तपासल्या, ते रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं. अँटिबॉडी सुरू करण्याआधी ती ओळ डॉक्टरांना दाखवून विचारावी.