भरती निम्म्यावर आली म्हणे! पण कशामुळे?

परवा एका मित्राने ग्राफ पाठवला. अमेरिकेतला कुठलासा प्रकल्प, घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या नेमल्या आणि पेशंटचं हॉस्पिटलात भरती होणं सहा महिन्यांत निम्म्यावर आलं, आणि खाली ठळक अक्षरात, 'सरकारी विम्याने यांना पैसे द्यायलाच हवेत'. मागणी मला शंभर टक्के पटते. ग्राफ मात्र अजिबात नाही.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. या कार्यकर्त्या साधारण आपल्या आशाताईंसारख्या. डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत, बऱ्याचदा त्याच वस्तीतल्या. डॉक्टर फाइलवर 'पेशंट औषध नीट घेत नाही' एवढं लिहून मोकळा होतो, ही बाई घरी जाते तेव्हा कळतं की लाइट बिल थकल्यामुळे फ्रीजच बंद आहे, इन्सुलिन ठेवणार कुठे? तिकडे गरिबांसाठी मेडिकेड नावाचा सरकारी विमा आहे, १९६५ पासूनचा, खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात. पण या बायकांचा पगार बहुतेक वेळा त्यातून नाही तर ग्रँटमधून यायचा, ग्रँट संपली की नोकरी संपली. मग २०१४ पासून नियमातला एक शब्द बदलला. प्रतिबंधक सेवा डॉक्टरने वगैरे 'दिलेली' हवी होती, ती 'सुचवलेली' असली तरी चालेल असं झालं, आणि राज्यांना दार उघडलं. कॅलिफोर्नियाने जुलै २०२२ पासून मेडिकेडमधून पैसे सुरू केले, म्हाताऱ्यांसाठीच्या मेडिकेअरने जानेवारी २०२४ पासून.

आता विमा म्हटला की पहिला प्रश्न, आमचे पैसे वाचतील का? आणि इथेच तो ग्राफ येतो.

मी काय केलं, पोराच्या ल्युडोतला फासा घेतला आणि साठ वेळा टाकला. सहा पडला अकरा वेळा. समजा हे अकरा म्हणजे आपले 'सगळ्यात आजारी' पेशंट. त्या अकरांसाठी फासा परत टाकला, पण प्रत्येक वेळी आधी त्याच्यावर एक फुंकर मारली. बेरीज आली ३७, म्हणजे सरासरी ३.४ च्या आसपास. सहावरून थेट साडेतीनच्या खाली! फुंकरीचा गुण बघा. अर्थात फुंकरीने काहीही झालेलं नाही, फाशाची सरासरी मुळातच ३.५ असते, मीच सहावाले निवडून काढले होते, ते खाली येणारच होते. याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात, सरासरीकडे परत येणं. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये उंचीबद्दल हेच दाखवलं, खूप उंच आईबापांची मुलं उंच असतात पण सरासरीने तेवढी उंच नसतात. किती परत येणार हेही सांगता येतं, दोन मोजण्यांमधला सहसंबंध ०.४ असेल आणि दोन्ही वेळचा पसारा सारखा असेल, तर पहिल्यांदा सरासरीच्या १० ने वर असलेले लोक दुसऱ्यांदा सरासरी ४ नेच वर सापडतील, उरलेले ६ कोणी काही न करता गायब. (डोक्यावरून गेलं तर सोडा, फासा पुरे.)

बुवाबाजी याच्यावरच चालते. माणूस अंगारा घ्यायला कधी जातो, दुखणं अगदी असह्य झाल्यावर. म्हणजे फासा सहावर असताना. पुढच्या आठवड्यात जरा उतार पडतो आणि क्रेडिट बुवाला.

आता हॉस्पिटल. न्यू जर्सीतल्या कॅमडेन शहरात एक नावाजलेला कार्यक्रम होता, पुन्हा पुन्हा भरती होणारे पेशंट शोधायचे आणि नर्स, सोशल वर्कर, आरोग्य कार्यकर्ते अशी टीम त्यांच्या मागे लावायची. खूप गाजावाजा झाला. मग कोणाला टीम मिळणार हे चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून ८०० पेशंटवर ट्रायल झाली, निकाल जानेवारी २०२० मध्ये आला. १८० दिवसांत परत भरती झाले टीमवाले ६२.३ टक्के, बिनटीमवाले ६१.७ टक्के. म्हणजे शून्य फरक! आणि नुसते टीमवाल्यांचे आधीचे आणि नंतरचे सहा महिने पाहिले असते तर भरतीत ३८ टक्क्यांच्या फरकाची झकास घसरण दिसली असती, फक्त टीम न मिळालेलेही जवळजवळ तेवढेच घसरले होते. फासा.

यावरून 'घरभेटी फालतू' असं कोणी म्हणेल तर तेही चूकच. पुढच्याच महिन्यात फिलाडेल्फियातल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कार्यक्रमाचा हिशेब आला, तोही चिठ्ठ्यावाल्या ट्रायलवर बेतलेला. त्यात कार्यकर्त्याच मुख्य होत्या, आणि मेडिकेडने घातलेल्या एका डॉलरमागे त्याच आर्थिक वर्षात २.४७ डॉलर परत येतात असं निघालं. म्हणजे कोणाला, किती दिवस, कशासाठी पाठवता यावर आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. हृदयात स्टेंट टाकताना कोणी विचारत नाही की यातून विम्याचे किती वाचले, माणूस जगला की झालं. हिशेब मागायचा तो फक्त या बायकांकडे. आणि पैसे द्यायची पद्धत बघा, मेडिकेअर महिन्याला पहिली ६० मिनिटं मोजतं आणि मग पुढची ३०-३०. फ्रीज चालू करायला वीज कंपनीच्या फोनवर पाऊण तास होल्डवर बसलेली बाई, बाकी काही काम निघालं नाही तर त्या महिन्यात बिलच लावू शकत नाही.

मित्राला विचारलं, ज्यांच्या घरी कोणी गेलंच नाही त्यांची रेघ ग्राफवर कुठे आहे? म्हणाला, एकच रेघ आहे रे.