गाळाने जपलेले ‘स्विफ्ट’

अठराव्या शतकातील ब्रिटिश नौदलात वीसपेक्षा कमी तोफांच्या लहान लढाऊ जहाजांना ‘स्लूप’ म्हणत. गस्त, टेहळणी, निरोपांची ने-आण अशी कामे त्यांच्याकडे असत. १७६३ मध्ये पाण्यात उतरवलेले ‘एचएमएस स्विफ्ट’ हे असेच एक जहाज. लांबी सुमारे २८ मीटर, तोफा १४. सप्तवार्षिक युद्ध नुकतेच संपले होते, त्यामुळे त्याची सारी सेवा शांततेच्या काळातच झाली.

१७७० मध्ये हे जहाज फॉकलंड बेटांवरील पोर्ट एग्मंट या ब्रिटिश ठाण्यावर तैनात होते. मार्चमध्ये ते पाहणीसाठी बाहेर पडले आणि वादळी वाऱ्यांनी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे लोटले गेले. थकलेल्या खलाशांना विश्रांती मिळावी म्हणून कप्तान जॉर्ज फार्मर यांनी ते आजच्या अर्जेंटिनातील पुएर्तो देसेआदोच्या खाडीत घेतले. तेथे ते पाण्याखालच्या खडकावर चढले. ओझे समुद्रात टाकून त्यांनी ते सोडवले, पण ते लगेच दुसऱ्या खडकावर अडकले. या खाडीत भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो. ओहोटी लागली तसा पाण्याचा आधार सुटत गेला आणि १३ मार्चच्या संध्याकाळी जहाज खडकावरून घसरून बुडाले. ९१ जणांपैकी आचारी आणि दोन नौसैनिक असे तिघे दगावले. उरलेले लोक उजाड किनाऱ्यावर थांबले, तर मूठभर खलाशी एका उघड्या होडीतून शेकडो किलोमीटर समुद्र ओलांडून पोर्ट एग्मंटला पोहोचले आणि त्यांनी ‘फेवरिट’ हे दुसरे स्लूप मदतीला आणले. त्या होडीतल्या माणसांचे धैर्य मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत मोठे वाटते.

१९७५ मध्ये जहाजावरील लेफ्टनंट इरॅस्मस गोवर यांचे ऑस्ट्रेलियातील एक वंशज अपघाताची जुनी हकिकत घेऊन पुएर्तो देसेआदोत आले. त्या धाग्यावरून गावातल्या तरुण पाणबुड्यांनी फेब्रुवारी १९८२ मध्ये जहाज शोधून काढले. पुढे पुरातत्त्वज्ञ डोलोरेस एल्किन यांच्या चमूने त्याचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला.

दोनशे वर्षांहून अधिक काळ लाकूड टिकले कसे, याचे उत्तर खाडीच्या गाळात आहे. समुद्रात लाकडाचा मोठा शत्रू म्हणजे टेरेडो. नावाला किडा असला तरी तो शिंपल्यांचाच भाऊबंद आहे आणि कोकण किनाऱ्यावरच्या लाकडी होड्याही तो पोखरतो. मात्र त्याला जगायला प्राणवायू लागतो. कुशीवर कललेल्या ‘स्विफ्ट’वर बारीक गाळाचे थर साचत गेले. त्या थरांत प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे पोखरणारे जीव आत शिरू शकले नाहीत आणि जिवाणूंचे कामही फार मंदावले. जो भाग गाळाबाहेर राहिला तो झिजला. जो आत दबला तो चिनी मातीच्या नाजूक भांड्यांसकट शाबूत राहिला. म्हणूनच अशा ठिकाणी उत्खनन करताना फार जपावे लागते, कारण गाळ उपसताच थांबलेला ऱ्हास पुन्हा सुरू होतो, आणि वर काढलेल्या लाकडातील क्षार सावकाश काढून टाकले नाहीत तर सुकताना ते तडकते.

कप्तानाच्या दालनाच्या परिसरातील याच गाळात एका तरुण पुरुषाचा सांगाडा सापडला. आचाऱ्याचा मृतदेह अपघातानंतर मिळाला होता आणि त्याचे दफनही झाले होते, त्यामुळे हा सांगाडा त्या दोन नौसैनिकांपैकी एकाचा, असा निष्कर्ष निघाला. ब्युनोस आयर्समधील चाकारिताच्या ब्रिटिश दफनभूमीत त्याला सन्मानाने मूठमाती देण्यात आली.