रिकाम्या कबरीतील चुन्याचे वय

ईस्टर जवळ आला की ‘येशूचे पुनरुत्थान विज्ञानाने सिद्ध केले’ असे संदेश फिरू लागतात आणि त्यांत अनेकदा जेरुसलेममधील पवित्र कबरीच्या चर्चचा दाखला असतो. तिथे वय मोजले गेले ते चुन्याचे, आणि ते ज्या रीतीने मोजले ती मला या संदेशांहून कितीतरी अद्भुत वाटते.

येशूला खडकात खोदलेल्या कबरीत ठेवले आणि तिसऱ्या दिवशी ती रिकामी आढळली, असे शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधील येशूची चरित्रे, सांगतात. ती कबर हीच, या श्रद्धेने सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात इथे चर्च उभारले. १००९ मध्ये खलिफा अल-हाकिमच्या हुकमाने ते पाडण्यात आले आणि पुढे पुन्हा बांधले गेले, त्यामुळे आत मूळचे काय उरले असेल हा प्रश्न होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये अथेन्सच्या तंत्रविद्यापीठातील अन्तोनिया मोरोपूलू यांच्या पथकाने जीर्णोद्धार करताना कबरीवरची संगमरवरी लादी सरकवली, तेव्हा खाली भराव, मग क्रूस कोरलेली, तडकलेली दुसरी लादी आणि तिच्याखाली मृतदेह ठेवण्याचा चुनखडकाचा ओटा निघाला.

ही खालची लादी ज्या चुन्याने खडकावर बसवली होती, त्यात वाळू होती आणि वाळूत क्वार्ट्‌झचे कण. आसपासच्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सारामुळे क्वार्ट्‌झमधले काही इलेक्ट्रॉन जागचे सुटतात आणि स्फटिकरचनेतील दोषांत अडकून बसतात. ऊन लागले की ते मोकळे होतात, म्हणजे हिशेब शून्यावर येतो. लादीखाली अंधार झाला की साठा पुन्हा वाढू लागतो. म्हणूनच नमुना उजेड न लागू देता काढतात आणि प्रयोगशाळेत मंद तांबड्या दिव्यात हाताळतात. मग कणांवर निळा प्रकाश टाकला की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटून अगदी क्षीण प्रकाश बाहेर पडतो, आणि त्यावरून कणांनी किरणोत्साराची एकूण किती मात्रा शोषली ते कळते. समजा ती ३.४ ग्रे (‘ग्रे’ हे या मात्रेचे एकक) भरली आणि त्या जागी दरवर्षी ०.००२ ग्रे मिळत असेल, तर भागाकार १७०० वर्षे येतो. चुना कालवताना वाळूला पुरेसे ऊन लागले नसेल, तर मात्र वय फुगते, म्हणून ही खात्री आधी करावी लागते.

उत्तर आले सुमारे इसवी सन ३४५, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या बांधकामाशी जुळणारे. त्या ओट्यावर कोण निजले होते आणि ते उठले का, हे क्वार्ट्‌झ सांगू शकत नाही. ज्यांची श्रद्धा आहे त्यांना तसा दाखला लागतही नाही, मग विज्ञानाच्या नावाने तो का खपवावा? त्याच जीर्णोद्धारात संगमरवरी भिंतीला एक छोटी खिडकी पाडली असून, तिच्यातून आता भाविकांना आतला उघडा खडक दिसतो.